सहावी काच

एक होतं शहर. शहरात होती खोल्यांची एक लांबलचक रांग, रांगेच्या टोकाला होती एक खोली, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती. खोलीत चौघं राहायची: एक हातगाडी ओढणारा, एक शर्टांना काजं करणारी, एक म्हातारी आणि एक चिमणी. चिमणी म्हणजे चार वर्षांची पोर. तिचं खरं नाव मोठं होतं, पण एवढं मोठं नाव घेऊन हाक मारायला दम कुणाकडे उरायचा? हातगाडीवाले ते माझे यजमान, म्हातारी त्यांची आई, आणि काजं करणारी ती मी.

त्या दिवशी मी काचा आणायला निघाले होते. काम एवढंच. चिमणीला तीन महिने खोकला होता. खोकून झालं की ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच तिला मारलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि मला विचारलं, "घरात खिडक्या किती?"

मी म्हटलं, "दाराला फट आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "औषध देते. पण उजेड मिळाला नाही तर ही पोर हिवाळा काढणार नाही."

झालं. यजमानांनी तीन दिवस छिन्नी घेऊन मागची भिंत फोडली. मागे दोन इमारतींमधला बोळ, हात लांब केला तर समोरच्या भिंतीला लागेल एवढा. पण दुपारी घटकाभर तिथं ऊन उतरायचं. खोक्याच्या फळ्यांची चौकट केली, सहा काचांची. काचा मात्र नव्हत्या. यजमान ज्या भंगारवाल्याचा माल ओढायचे, त्याच्याकडे मी गेले. त्यानं मागच्या ढिगातून सहा काचा काढून दिल्या. पाटीएवढ्या, एका अंगाला काळपट कातडं धरलेल्या.

"फोटोच्या आहेत, जुन्या," तो म्हणाला. "गरम पाण्यात सोडा टाका आणि खरडा. दुधावरची साय निघावी तशी निघेल."

आणि निघाली. पहिली काच मी पाण्यात बुडवली तेव्हा तिच्यावर जिन्यात बसलेले पुरुष दिसले. तोंडं काळीकुट्ट, केस पांढरे, डोळ्यांच्या जागी पांढरे ठिपके. सोडा हाताला झोंबत होता आणि काजांचा गठ्ठा पडला होता. खरडलं. दुसरीवर एकमेकांच्या अंगावर झोपलेली पोरं. खरडली. तिसरीवर खाटेवर कुणीतरी, उशाशी कुणीतरी. खरडलं. पाच काचांवरची किती माणसं मी मोरीत ओतली, ते मोजलं नाही. मला तेव्हा दहापुढे मोजताच येत नव्हतं.

सहावी काच सासूबाईंच्या हाती लागली. त्यांची नजर अधू झाली होती, तरी जिभेवर गंज चढला नव्हता. त्यांनी काच कंदिलासमोर धरली, डोळ्यांना भिडवली.

"अगं ए, थांब. ही बाई काजं करतेय."

मी बघितलं. खरंच. आपल्यासारखीच खोली, मांडीवर कापड, सुई वर धरलेली. गुडघ्याला टेकून एक पोर उभी. पोरीचा फ्रॉक दिसत होता, पाय दिसत होते, मानेच्या वर मात्र नुसता धूर. जणू डोकं कुणी फुंकर मारून उडवलं होतं.

"हिला नको पुसू," सासूबाई म्हणाल्या.

"पुसली नाही तर उजेड कसा येईल?"

"पाच काचांतून येईल की. सुनेला उजेडाची भारी हौस! आपल्या धंद्यातली आहे बिचारी. बसू दे तिला खिडकीत, आयुष्यात बसायला मिळालं नसेल."

मला हसू आलं. दया आली. आणि मी ती काच तशीच खालच्या कोपऱ्यात बसवली. आमच्या हातून चूक झाली ती ही. वाईट माणसाकडून झाली नाही, दया येऊन झाली.

आता काज म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कापडाला बारीक चीर द्यायची आणि चिरेच्या कडेनं दाट टाके घालायचे. एक टाका सरकला तर मुकादम अख्खा शर्ट तोंडावर फेकायचा. चिमणी माझ्या गुडघ्याला टेकून खेळायची, खोकायची, आणि तिचा प्रत्येक खोकला माझ्या सुईत यायचा. म्हणून मी म्हणायचे, "शहाणं माझं बाळ ते, हलू नको." दिवसातून शंभरदा म्हणायचे. प्रेमानंच म्हणायचे.

खिडकी बसली त्या दिवशी घरात सण असल्यासारखं वाटलं. दुपारचं ऊन पाच काचांतून खाली पडलं, चिमणी त्यात हात घालून बसली. संध्याकाळी बोळ काळा पडला आणि मी कंदील लावला. सहज खिडकीकडे नजर गेली, आणि माझ्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली.

काचेतली बाई सुलटी झाली होती.

दिवसा ती काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची. पण मागं अंधार आणि पुढं कंदील असला की तीच काच सुलटी दिसायची. गोरटं, थकलेलं तोंड, काळे केस, डोळ्यांखाली खळगे. आणि ती सुईकडे बघत नव्हती. दिवसा ती सुईकडे बघताना मीच पाहिली होती.

"अहो, बघा ना जरा."

यजमान नुकतेच आले होते, खांद्याला दोरीचे वळ. "बघतोय. काच आहे."

"ती आपल्याकडे बघतेय."

"बघू दे. फुकट बघतेय ना?"

हसण्यावारी गेलं.

आठवडाभरात चिमणीचा खोकला कमी झाला. मग थांबलाच. मला तर आभाळ ठेंगणं झालं. पोर खोका ओढून खिडकीसमोर बसायची, अगदी गप्प. माझी काजं भराभर उरकायची. शेजारीण म्हणाली, "तुझी पोर किती गुणाची गं, आमचं कार्टं बघ." मी मनातल्या मनात फुगले. आईच ना मी.

सासूबाईंच्या आधी लक्षात आलं. "ही पोर डोळे मिटत नाही."

"झोपताना मिटते की."

"तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी कंदील लावला, तशी चिमणीची मान न हलता ओठ हलले. "तीन," ती म्हणाली.

तिला मोजायला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, "चार." मी विचारलं, "कोण शिकवतं गं तुला?" तिनं ओठांच्या फटीतून सांगितलं, कारण तोंड उघडायचं नव्हतं, "ती बाई. म्हणते, हलायचं नाही... दहा होईपर्यंत. हललं की धूर होतो."

मी तिला उचलली. पोर लाकडासारखी ताठ, गुडघे वाकलेले ते वाकलेलेच. दुधात बुडवलेला पाव ओठांना लावला तर दूध गळून हनुवटीवर आलं. मी काचेवर फडकं टांगलं. दिवेलागणीला फडक्याकडे बघून ती म्हणाली, "पाच." मग शेजारणीकडे नेऊन ठेवली, तर तिथंही आमच्या भिंतीकडे तोंड करून बसली, आणि इकडे मी कंदील लावला त्याच क्षणी तिकडे म्हणाली, "सहा." शेजारणीनं रडत रडत परत आणून दिली.

सातव्या संध्याकाळी मी फडकं काढलं. धुरातून एक कान वर आला होता. कानामागे वेणी. आणि वेणीला पट्ट्यापट्ट्यांची फीत, निळी का लाल ते काचेत कळत नव्हतं, पण तिची गाठ मला कळत होती. शर्टाच्या कडेची कातरलेली पट्टी, मीच बांधलेली, एका बाजूला लांब सोडलेली. तशी गाठ जगात दुसरं कुणी मारत नाही.

यजमानांनीही ओळखली. कोपऱ्यातला हातोडा उचलला.

"थांब रे!" सासूबाई ओरडल्या. "फोडशील. पण कोण फुटेल, ते सांग आधी."

यजमानांचा हात वरच्या वर राहिला. मग मी म्हटलं, सोडा आणते, पुसून टाकते. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मला ती पाच काचांची मोरी आठवली. तुम्हीच सांगा, पोरगी अर्धी खोक्यावर आणि अर्धी काचेत असताना आईनं कुठला हात कुठे घालायचा? मी डोकं आपटलं भिंतीवर. आपटून काय होणार होतं?

आठव्या दिवशी भंगारवाल्याच्या पाया पडून मी पत्ता काढला. काचा ज्याच्या, तो फोटोवाला जिवंत होता. एका जिन्याच्या शेवटी, कौलांखालच्या खोलीत एकटाच. नवव्या दिवशी सकाळी मी तिथं गेले. म्हातारा दार उघडायला आला तेव्हा त्याचे दोन्ही हात कापत होते, भूक लागलेल्या पाखरासारखे. मी एका श्वासात सगळं सांगितलं. मला वाटलं, हाकलून देईल. तो खाली बसला.

"काजं करणारी..." तो म्हणाला. "मी तेव्हा अशा खोल्यांचे फोटो काढत हिंडायचो. मोठ्या लोकांना दाखवायला, बघा, तुमच्या शहरात माणसं कशी राहतात. मला वाटायचं, चांगलं काम करतोय. खोल्या अंधाऱ्या. कॅमेऱ्याचं टोपण काढलं की दहा मोजेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. जो हलला त्याचा धूर. तिच्या पोरीला खोकला होता. मी म्हटलं, तोंड दाबून धर. धरलं बिचारीनं. सातवर पोर खोकली, आणि मी चिडलो. काच तशीच झाकून काढली आणि निघालो. दहा मोजलेच नाहीत. टोपणही लावलं नाही."

"मग?"

"महिन्यानं पोर गेली. ती बाई दर आठवड्याला यायची. म्हणायची, एवढा फोटो काढलात, तिचा चेहरा तेवढा द्या. चेहरा कुठून देऊ? नव्हताच. फोटो छापून आला, लोक हळहळले, ती रांग पाडली. माणसं कुठे गेली, कुणी विचारलं नाही. मीही नाही." त्यानं पेटीत हात घातला आणि एक पितळी टोपण काढलं, आतून काळी मखमल लावलेलं. "फोटो संपवायचा तर हे लावायला लागतं. काचेतल्या पोरीवर. दहा म्हटल्याबरोबर. आधी नाही, नंतर नाही."

"आणि दहाला समोर जो असेल तो?"

म्हाताऱ्यानं टोपण माझ्या हातात ठेवलं. "तो फोटोत येतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी चिमणी "नऊ" म्हणाली. काचेत आता गाल दिसत होता.

दहाव्या दिवशी यजमान गाडीवर गेलेच नाहीत. आम्ही तिघं पोरीभोवती बसून राहिलो. मी म्हटलं, "मी बसते तिच्यासमोर." यजमान म्हणाले, "मी बसतो." सासूबाई त्यांच्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "तू बसलीस तर काजं कोण करणार? हा बसला तर गाडी कोण ओढणार? अकला नाहीत काडीच्या. इकडे आणा ते स्टूल."

"आई, असं नका..." मी म्हटलं.

"गप. साठ वर्षं घरात सगळ्यांची धावाधाव केली. बसायला मिळतंय तर बसू दे की मला."

बोळातला उजेड गेला. कंदील मी लावायचा होता, हात धजेना, शेवटी लावला. सासूबाई स्टूल सरकवून चिमणी आणि काच यांच्या मधोमध बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर. मी खिडकीशी टोपण घेऊन. सोड्याचा वास येत होता, सहा आठवड्यांनंतरही, आणि त्याखाली दुसरा एक वास. बंद खोलीतल्या तापाचा.

काचेतल्या बाईनं मान वळवली होती. ती आता सरळ बघत होती.

"बाई गं," सासूबाई तिला म्हणाल्या, अगदी हळू, शेजारणीशी बोलावं तशा. "हे लेकरू तुझं नाही. तुझं हललं, कारण ते जिवंत होतं. त्यात तुझा काही दोष नव्हता. मला घे. मला खोकला नाही, खाज नाही, कुठे जायची घाई नाही. मी बसते तुझ्याजवळ... गप्प बसते..."

मी चिमणीच्या ओठांकडे बघत होते. ते हलले नाहीत. सासूबाईंचेही हलले नाहीत. तरी खोलीत कुणीतरी म्हणालं, "दहा."

मी टोपण लावलं. काच गार होती, आणि टोपणाखाली क्षणभर काहीतरी धडपडलं. मुठीत पकडलेल्या फुलपाखरासारखं. मग थांबलं.

आणि मागून खोकला आला. कोरडा, छाती फाडणारा, घाणेरडा खोकला. "खोकली!" मी ओरडले. "माझी पोर खोकली!" कुठल्याच आईनं खोकल्यावर एवढा आनंद केला नसेल. चिमणी रडत होती, लाथा झाडत होती, पाव मागत होती. यजमानांनी तिला उराशी धरलं आणि म्हणाले, "आई, बघ, बघ गं..."

आई हलली नाही. आम्ही हलवलं, तरी नाही.

मी टोपण काढलं. काचेत, काजं करणारीच्या गुडघ्याशी, स्टुलावर एक म्हातारी बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर. अगदी स्वच्छ आली होती.

दुसऱ्या दिवशी फोटोवाला जिना उतरून आमच्याकडे आला. काचेपाशी पुष्कळ वेळ उभा राहिला. मग त्यानं जुना कॅमेरा मागवून घेतला आणि आमच्या खोलीचा एक फोटो काढला, ती फोडलेली भिंत, सहा काचा, आम्ही तिघं. दहा मोजताना चिमणी खोकली. मी तिचं तोंड दाबायला हात उचलला, तर म्हातारा म्हणाला, "नको. हलू दे तिला." जाताना सहावी काच तो घेऊन गेला, टोपण मात्र मला ठेवायला दिलं.

तो फोटो छापून आला. या वेळी म्हातारा स्वतः दारोदार हिंडला, कापत्या हातांनी साहेबांची दारं वाजवली, आणि या वेळी आधी खोल्या मिळाल्या, मगच रांग पडली. आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. चार खिडक्या! पहिल्या दिवशी यजमान नुसत्या खिडक्या उघडत आणि लावत होते. चिमणीचा खोकला वर्षभरात गेला. ती वाढली, शिकली, तिला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. आमच्या घराला सोन्याचे दिवस आले म्हणा.

एकच गोष्ट. चिमणीचा फोटो कधी आला नाही. शाळेचा, लग्नाचा, ओळखपत्राचा, कितीदा काढा, मानेच्या वर धूर. स्टुडिओवाले म्हणायचे, बाई हलतात. ती हसायची. मला मात्र तो धूर बघितला की बरं वाटायचं. हलतेय ना, हलू दे.

आता तिची मुलगी, माझी नात, स्वतःच फोटो काढते. पुलाखालची, पत्र्याच्या खोल्यांतली माणसं. आधी त्यांच्याशी बोलते, चहा पिते, मगच कॅमेरा काढते. मागच्या रविवारी तिचं मोठं प्रदर्शन लागलं. नव्या फोटोंच्या शेजारी तिनं जुने लावले होते, कुठल्याशा तळघरातून शोधून, भिंतीएवढे मोठे करून. माझी चाकांची खुर्ची ढकलत तिनं मला एका फोटोसमोर नेलं. "आजी, ओळख बघू!"

काजं करणारी होती. सुई वर. तिच्या गुडघ्याशी स्टूल होतं. स्टुलावर धूर होता.

साठ वर्षं बसल्या सासूबाई. कंटाळल्या असतील.

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत नातीनं आपल्या आईला त्या फोटोसमोर खुर्चीवर बसवलं आणि मोबाइल काढला. मग ती आनंदानं किंचाळलीच. सगळे धावले. मोबाइल माझ्याही हातात दिला. चिमणीचा चेहरा, पहिल्यांदा, लख्ख. पापण्यांचे केससुद्धा मोजावेत इतका.

"टोपण लाव," मी म्हटलं. "लाव गं लवकर."

"आजी, मोबाइलला कुठलं टोपण!" नात हसली. सगळेच हसले.

चिमणीही हसत होती. घरी आल्यावरही हसतच होती. ती माझ्या समोर बसली आहे आता, खिडकीकडे तोंड करून. ऊन चांगलं आहे. मी मघापासून तिला म्हणते आहे, बाळा, खोक की एकदा... नुसतं खोक...